सोबत नमुना जोडला आहे

फाईल वरच्या मजल्यावरून परत आली ती एका ओळीच्या शेऱ्यासह. ‘नमुना कुठे आहे?’

शेरा सचिवबाईंचा होता. अक्षर वेडेवाकडे होते, पण त्याचा त्यांच्या वयाशी किंवा रागाशी काही संबंध नव्हता. त्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. कोपर टेकले की टेबल डावीकडे झुके, पेन पुढे सरकले की उजवीकडे. शिपाई त्या पायाखाली कागदाची घडी घालून ठेवी. चार दिवसांत ती दबून जाई आणि टेबल पुन्हा डुलू लागे. नवे टेबल मागवल्याची एक फाईलही होती म्हणे. ती सध्या कुठल्या टेबलावर आहे हे कुणाला ठाऊक नव्हते.

चलन विभागातल्या दशांशरावांनी तो शेरा दोनदा वाचला. हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. आकडा पूर्ण करून लिहिणे त्यांना जमत नसे, कुणी ‘साधारण निम्मे’ म्हटले तरी त्यांना अस्वस्थ वाटे, म्हणून विभागाने त्यांना हे नाव दिले होते आणि आता ते त्यांच्या अंगावर शर्टासारखे बसले होते. नेमक्या ह्याच माणसाकडे सर्वांत लहान नाणे चलनातून काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. म्हणजे यापुढे देशातली प्रत्येक किंमत जवळच्या पाचापर्यंत नेऊन ठेवावी, असे दशांशरावांनी लिहायचे होते.

त्यांनी ते लिहिले, आणि चांगले लिहिले. नाणे इतके लहान आणि पातळ होते की लोक त्याला ‘बटण’ म्हणत. एक बटण पाडायला त्याच्या किमतीच्या तिप्पट खर्च येत होता. दुकानदार ते देत नव्हते, गिऱ्हाईक मागत नव्हते, रस्त्यात पडलेले दिसले तर कुणी कंबर वाकवत नव्हते. अहवालाच्या शेवटच्या दोन ओळी त्यांनी घासूनपुसून लख्ख केल्या होत्या. ‘सदर नाण्याचा कोणालाही कोणताही उपयोग उरलेला नाही. सोबत नमुना जोडला आहे.’

नमुना मात्र जोडलेला नव्हता. नाणे बंद करताना त्याचा एक नमुना फाईलला टाचावा, म्हणजे आपण काय बंद करतो आहोत हे सही करणाऱ्याला दिसते, असा जुना नियम होता. दशांशरावांनी वाक्य लिहून ठेवले होते आणि नाणे मिळेलच असे गृहीत धरले होते.

आज गुरुवार होता. सचिवबाई शुक्रवारी निवृत्त होत होत्या. नवे साहेब आले की जुन्या फाईली पहिल्या पानापासून सुरू होतात, हे विभागातल्या भिंतींनाही माहीत होते.

ही फाईल संपायलाच हवी होती, आणि त्याचे कारण दशांशरावांनी कुणाला सांगितले नव्हते. मुलीला शाळेत ‘माझे बाबा’ ह्या विषयावर लिहायला सांगितले होते. तिने लिहिले होते, ‘माझे बाबा एका टेबलावरचे कागद दुसऱ्या टेबलावर पाठवतात. काही दिवसांनी कागद परत येतात.’ बाईंनी खाली लाल शाईने ‘छान’ असे लिहिले होते. दशांशरावांनी निबंध तपासला. त्यात खोडण्यासारखे काहीच सापडले नाही, आणि तेच त्यांना लागले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही फाईल शेवटापर्यंत गेली नव्हती. एकदा तरी बोट दाखवून ‘हे मी केलं’ असे म्हणावे, एवढीच त्यांची इच्छा होती. आता काढून टाकलेल्या नाण्याकडे बोट दाखवायचे म्हणजे रिकाम्या जागेकडेच दाखवायचे, पण तेही चालले असते.

जेवणाच्या सुट्टीत ते कोपऱ्यावरच्या बँकेत गेले.

“बटणं आम्ही घेतो, देत नाही,” काउंटरवरची बाई म्हणाली.

“मग घेतलेली जातात कुठं?”

“थैलीत. थैली सीलबंद असते. सील तोडायला चलन विभागाची परवानगी लागते.”

“अहो, मी चलन विभागातलाच आहे.”

“मग बरंच झालं. अर्ज करा, तो तुमच्याकडेच येईल.”

तिथून ते किराणा दुकानात गेले. हिशेब करून त्यांनी असा एक साबण निवडला की बरोबर एक बटण परत यावे. दुकानदाराने बरणीतून एक टॉफी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

“सुट्टे नाहीत, साहेब.”

“मला बटणच पाहिजे.”

“घ्या हो. टॉफी गोड तरी असते.”

“एकही नाही तुमच्याकडे?”

“एक आहे,” दुकानदाराने तराजूचे पारडे उलटे करून दाखवले. खाली एक बटण चिकटवलेले होते. “पण हे काढलं तर काटा मध्यावर राहत नाही. मग माझ्यावर माप मारल्याचा आळ.”

पलीकडच्या घड्याळवाल्याकडेही एक बटण निघाले. तो त्या नाण्याने घड्याळांची मागची झाकणे उघडत होता. “इतकी पातळ कड दुसऱ्या कशालाच नाही,” तो म्हणाला आणि नाणे खिशात टाकून मोकळा झाला. दशांशरावांनी दोन्ही गोष्टी ऐकल्या, पण लिहून घेतल्या नाहीत. सर्वेक्षणाच्या तक्त्यात व्यवहार मोजायचे होते. चिकटवलेल्या नाण्यांसाठी त्यात रकाना नव्हता.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांच्याकडे बरेच साबण होते आणि खिसा टॉफ्यांनी फुगला होता.

“नमुना पाहिजे?” बायको म्हणाली. “घरात एक आहे की.” आणि त्यांच्याकडे आपादमस्तक बघून ती हसली. ती शाळेत विज्ञान शिकवत असे आणि तिचे विनोद प्रयोगासारखे असत, आधी साहित्य, मग कृती. “तसं नाही हो. खरंच आहे. आईंच्या खोलीतल्या कपाटाखाली. आपण राहायला आलो तेव्हा तुम्हीच घातलं होतं.”

दशांशरावांच्या जिवात जीव आला. जेवताना त्यांनी प्रस्ताव पहिल्यांदाच घरात समजावून सांगितला. किमती कधी वर जातील, कधी खाली, पण सरासरीत फरक शून्य.

“सरासरीत असेल,” बायको म्हणाली. “मी सरासरीत कधी भाजी आणली नाही. मी आणते त्या दिवशी भाव वरच जातो.”

“अगं, इतक्या लहान फरकानं काय होतंय?”

“हे तुम्ही म्हणताय?” आईने विचारले. ती सुनेच्या बाजूने बोलायची असली की मुलाला ‘अहोजाहो’ करत असे.

जेवण झाल्यावर दशांशराव बॅटरी घेऊन कपाटापुढे आडवे झाले. लाकडी कपाट जुने आणि जड होते, पाय बुटके, दारे जवळजवळ जमिनीपर्यंत. पुढच्या डाव्या पायाखाली बटण होते.

“त्याच्या जागी काहीतरी घाला,” बायको दारातून म्हणाली. “पायाशी दीड मिलिमीटर म्हणजे माथ्याशी सहा. कपाट पुढं झुकेल.”

“दीड मिलिमीटर!” दशांशराव म्हणाले. हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तुच्छतेने उच्चारला होता. मग त्यांनी मोठे नाणे घालून पाहिले, ते जाड निघाले. पुठ्ठा मऊ निघाला. शेवटी त्यांनी खिशातली एक टॉफी काढली, कागदासकट बुटाच्या टाचेखाली दाबून बटणाइतकी पातळ केली आणि पायाखाली सरकवली. कपाट सरळ उभे राहिले. बटणाऐवजी सगळे दुकानदार टॉफीच देतात, तेव्हा ह्यात तर्काला धरून नसलेले काहीच नव्हते.

“टॉफी वाहते,” बायको म्हणाली.

“टॉफी घन आहे.”

“दिसते घन. वजन ठेवलं की सावकाश वाहते. उद्या बघा.”

“उद्या सही झाली की मी नवीन कपाटच आणतो,” दशांशराव म्हणाले आणि त्यांनी नाणे पाकिटात जपून ठेवले.

शुक्रवारी सचिवबाईंच्या खोलीबाहेर सकाळपासून माणसांची रीघ होती. कुणी निरोप द्यायला येत होते, कुणी शेवटची सही घ्यायला, आणि बहुतेक जण पहिल्याचे निमित्त करून दुसऱ्यासाठी. दशांशराव फाईल मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. त्यांचा नंबर येणार एवढ्यात फोन वाजला.

“अरे, मी आत आहे,” आई म्हणाली.

“आत म्हणजे कुठं?”

“माझ्या खोलीत. कपाटानं मला कोंडलंय.”

“कपाट कसं कोंडेल, आई?”

“ते मला काय विचारतोस, त्याला विचार. दार आपलं आपण उघडलं, खोलीच्या दारापुढं आडवं येऊन उभं राहिलं, आणि आता हलायला तयार नाही. अगदी तुझ्या बाबांसारखं.”

“ढकलून बघितलंस का?”

“त्यांनाही बघितलं होतं.”

दशांशरावांना सगळी साखळी डोळ्यांपुढे दिसली. टॉफी वाहिली, कपाट पुढे झुकले, दार उघडले. त्या खोलीतली एक फरशी फुगून वर आलेली होती. एरवी कपाटाचे दार तिच्यावरून केसभर अंतराने फिरे. आज ते केसभर अंतर उरले नव्हते. दाराचा कोपरा फरशीत रुतला होता, आणि खोलीचे दार आत उघडत असल्यामुळे ते त्याच्यावर अडकले होते.

“आई, घाबरू नकोस.”

“मी कशाला घाबरू? बसायला पलंग आहे. पण मुंग्यांना तुझ्या टॉफीचा पत्ता लागलाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगू का, बाथरूम बाहेर आहे.”

दशांशराव उठले. बाकावर त्यांच्यामागे बसलेला माणूस लगेच पुढे सरकला.

घरी पोचेपर्यंत बायकोही शाळेतून आली होती. खोलीचे दार वीतभर उघडत होते. त्या फटीतून आईचा चेहरा, कपाटाच्या दाराची कड आणि खाली मुंग्यांची रांग एवढे दिसत होते. बायकोने परिस्थितीचा आढावा घेतला.

“आई, कपाटाला पुढून मागं रेटा. जितकं वर हात लावाल तितका जोर कमी लागेल. पुढचा पाय उचलला गेला की हे नाणं घालतील.”

“मी काय घालणार?” दशांशरावांनी विचारले.

“नाणं. दुसरं काय बसतंय त्या जागी? काल सगळं घालून बघितलंत ना?”

दशांशरावांनी फाईलकडे पाहिले, पाकिटाकडे पाहिले, आणि ते पोटावर झोपले. फटीतून हात घालून आधी उलथन्याने टॉफी खरवडावी लागली. टॉफी उलथन्याला चिकटली, उलथने बाहीला, आणि मुंग्यांनी आपला मार्ग बदलून बाहीतून पुढचा प्रवास सुरू केला.

“रेटते हं,” आई आतून म्हणाली. “झालं का?”

“अजून थोडं.”

“थोडं म्हणजे किती? तू दशांश ना? नीट सांग.”

“दीड मिलिमीटर, आई!”

“मग रडतोस कशाला, एवढंसंच तर आहे,” आई म्हणाली आणि तिने कपाट रेटले. बटण आत सरकले. दाराचा कोपरा फरशीवरून सुटला, कपाट बंद झाले, खोली उघडली. आई कुणाकडेही न बघता थेट बाथरूममध्ये गेली.

बाहेर आली तेव्हा दशांशराव बाही झटकत कपाटापुढे उकिडवे बसले होते.

“आता ते तिथंच राहू दे,” ती म्हणाली.

“आई, मला ते न्यायचंय. बाईंचा आज शेवटचा दिवस आहे.”

“ह्याचा कुणाला काही उपयोग नाही असं लिहिलंयस ना तू?”

“हो.”

“कुणाला विचारून?”

“दुकानदारांना. बँकांना. रीतसर सर्वेक्षण केलंय.”

“मला विचारायचं होतंस.”

दशांशराव पुन्हा कपाटाच्या पायाशी वाकले. आई क्षणभर त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत राहिली. मुलगा कशासाठी धावतो आहे हे तिला कुणी सांगितले नव्हते, पण नातीचा निबंध तिनेही वाचला होता. तिने कपाटाला हात लावले.

“ने. पण संध्याकाळी माझं बटण परत आण.”

बायकोने कपाटाच्या दारांच्या दोन्ही कड्या दोरीने एकत्र बांधल्या. नाणे निघाले, कपाट कुरकुरत पुढे झुकले आणि दारे दोरीवर थांबली.

विभागात पोचेपर्यंत गर्दी ओसरली होती. सचिवबाईंच्या खोलीत केकचा रिकामा खोका आणि न उघडलेल्या भेटी होत्या. नव्या साहेबांसाठी सकाळीच खोली झाडून घेतली होती, आणि झाडणाऱ्याने टेबलाखालची कागदाची घडी कचरा समजून नेली होती. त्यामुळे टेबल आज नुसते डुलत नव्हते, आपटत होते.

“या दशांशराव. तुमचीच शेवटची,” सचिवबाई म्हणाल्या. त्यांनी फाईल उघडली, पेन टेकवले, आणि टेबल खाडकन उजवीकडे गेले. सहीऐवजी कागदावर एक तिरकी रेघ उमटली. कपातला चहा बशीत आला, तरी सांडला नाही, कारण कप मुळातच अर्धा होता.

“ह्या खोलीत आल्यापासून मी चहा अर्धाच घेते,” त्या म्हणाल्या. “शिपायाला वाटतं मला चहा आवडत नाही. दुसरी प्रत आहे का?”

“आहे, मॅडम.” दशांशरावांनी दुसरी प्रत पुढे केली. सचिवबाईंनी एक हात टेबलावर दाबून धरला. टेबल दुसऱ्या कोपऱ्यावर उचलले गेले.

पुढे जे झाले ते दशांशरावांनी ठरवून केले नाही. सकाळी घरी एकदा केलेली हालचाल अंगात राहिली होती. ते वाकले, पाकिटातून बटण काढले आणि आखूड पायाखाली सरकवले.

टेबल थांबले.

सचिवबाईंनी कोपर टेकले. मग दुसरे. मग दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवून त्या काही वेळ तशाच बसल्या. त्यांनी घंटी वाजवली आणि आत आलेल्या शिपायाला सांगितले, “चहा आण. काठोकाठ भरून.”

चहा आला. त्याच्या पृष्ठभागावर एकही लहर नव्हती. सचिवबाईंनी एक घोट घेतला, पेन उचलले आणि सवयीने सहीच्या वरचे वाक्य मोठ्याने वाचले.

“‘सदर नाण्याचा कोणालाही कोणताही उपयोग उरलेला नाही.’”

दशांशरावांनी ते वाक्य पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. तराजूचे पारडे त्यांना आठवले, घड्याळवाला आठवला, फटीतला आईचा चेहरा आठवला. सही व्हायला आता फक्त एक क्षण लागणार होता. त्यांनी काही बोलायचे नव्हते, एवढेच करायचे होते.

“मॅडम, ते वाक्य चूक आहे,” ते म्हणाले.

“किती चूक?”

“पूर्ण चूक.” त्यांच्या तोंडून पूर्ण आकडा येण्याची ही पहिलीच वेळ असावी. “आम्ही व्यवहार मोजले. लोक ते देत-घेत नाहीत हे खरं आहे. पण ते कुठं गेलं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.”

“वाक्य दुरुस्त करून देता? मी थांबते.”

“उपयोग आहे असं लिहिलं, तर मग बंद कशासाठी करायचं, मॅडम?”

“अहो, नाणं पाडायला तिप्पट खर्च येतो, हे तर खरं आहे ना?”

“खरं आहे. त्याचा नवा अहवाल लागेल. वेगळा.”

“आणि नमुना?” सचिवबाईंनी विचारले.

दोघांनीही खाली पाहिले.

सचिवबाईंनी पेन पुन्हा टेकवले आणि शेरा लिहिला. ‘नमुना वापरात असल्यामुळे जोडता आलेला नाही. प्रस्ताव निकाली काढला आहे. फाईल बंद करावी.’ खाली त्यांनी सही केली. अक्षर सरळ, गोल आणि अतिशय देखणे होते. आपले अक्षर असे आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

“तुमची एक फाईल तरी शेवटाला गेली, दशांशराव,” त्या म्हणाल्या.

दशांशरावांनी फाईल हातात घेतली. ‘बंद’ हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. मग त्यांचा हात बटण घ्यायला टेबलाच्या पायाकडे गेला, आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. सोमवारी ह्या टेबलावर नवा माणूस बसणार होता. त्यालाही चहा लागणार होता.

घरी मुलगी दारातच उभी होती. तिला आजीकडून दिवसभराची हकीकत कळली होती.

“बाबा, संपली फाईल?”

“संपली.”

“म्हणजे बटण बंद?”

“नाही. फाईल बंद.”

मुलीने विचार केला. “मग तुम्ही काय केलंत?”

दशांशराव बूट काढता काढता थांबले. “एक टेबल डुलत होतं,” ते म्हणाले. “ते थांबवलं.”

“कुठलं टेबल?”

“ज्याच्यावरून कागद परत यायचे ते.”

मुलगी वही आणायला आत पळाली. दोरीने बांधलेल्या कपाटापुढे आई खुर्ची टाकून बसली होती. तिने तळहात पुढे केला. दशांशरावांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा. शेवटी त्यांनी तिच्या हातावर एक टॉफी ठेवली.

“सुट्टे नाहीत, आई.”